बिनसाखरेचा पाक

गल्लीत तिला सगळे थोरली म्हणत. तिची थोरवी नेमकी कशात होती हे कुणी कधी विचारलं नाही. घरात दोन जावा होत्या, ही मोठी होती, म्हणून ही थोरली आणि ती धाकटी, इतका साधा हिशेब. पुढे धाकटी घर सोडून गेली, तरी हिचं थोरलीपण काही सुटलं नाही. एकट्याच उरलेल्या बाईला थोरली म्हणण्यात काय अर्थ आहे, असं तिला स्वतःलाही अधूनमधून वाटे. पण लोकांच्या तोंडात एखादं नाव बसलं की बसलं.

घर गल्लीच्या वळणावर होतं. पुढच्या खोलीत तिच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि मागच्या खोलीत तिचा पुडिंगचा कारखाना. कारखाना म्हणजे एक ओव्हन, दोन शेगड्या, एक लांब टेबल आणि खिडकीत फळं पिकत ठेवायची फळी. दारातून आत शिरलं की आधी यंत्राच्या तेलाचा वास यायचा, आणि दोन पावलं पुढे गेलं की भाजलेल्या सफरचंदांचा. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसलेले असायचे. भिंतभर घड्याळं होती आणि त्यांतल्या कुठल्याही दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. त्यामुळे घरात इतकी घड्याळं असूनही थोरली पुडिंग भाजायची ती नाकाने. कड सुटल्याचा वास आला की ओव्हन उघडायचा.

"घड्याळजीच्या बायकोला वेळ कळत नाही, असं म्हणतील लोक," घड्याळजी म्हणायचे.

"तुमची घड्याळं आधी आपसात काय ते ठरवू देत, मग मी विचारीन त्यांना."

पुडिंग तिने सासूकडून घेतलं होतं. शिळ्या पावाचे काप, दूध, अंडी, हंगामातलं फळ, आणि साखर. साखरेला सासूबाईंचा हात सढळ होता. तो इतका सढळ होता की खाली फळ कुठलं आहे हे खाणाऱ्याला सांगावं लागे. लोक मिटक्या मारत खात. मग घड्याळजींना शुगर निघाली. साखर म्हणजे डब्यातली आणि शुगर म्हणजे रक्तातली, हा फरक त्या दिवसापासून घरातल्या पोराटोरांनाही कळला. डॉक्टरांनी जे जे बंद करायला सांगितलं ते ऐकताना घड्याळजींचा चेहरा असा झाला, की थोरलीने तिथेच ठरवलं: हे खाणार नाहीत ते मीही खाणार नाही, आणि माझ्या ओव्हनमधून बाहेरही येणार नाही. लोकांनी वेड्यात काढलं. साखरेवाचून पुडिंग म्हणजे काय, ओला पाव? पहिले काही महिने ते खरंच ओल्या पावासारखंच लागत होतं. वरून रंग येईना, आतून पाणी सुटे, आणि गिऱ्हाइकं पाहुण्यासारखी दोन घास खाऊन चमचा खाली ठेवत.

त्या काळात तिच्या पाठीशी उभी राहिली ती धाकटी. तिचं लग्न होऊन फार वर्षं झाली नव्हती. अंगाने काटकुळी, बोलायला चुरचुरीत. चहात दोन चमचे साखर घेणारी आणि ती घेताना थोरलीकडे चोरून बघणारी. दोघींनी मिळून एकेक गोष्ट शोधून काढली. फळ नुसतं पिकून चालत नाही, देठाशी नाक नेल्यावर मागे सरावंसं वाटलं पाहिजे. फोडी आधी कोरड्या भाजून त्यांतलं पाणी घालवायचं. मनुका आणि खजूर दुधात भिजवून ते दूधच वापरायचं. मिठाची कणी टाकली की गोडी पुढे येते. आणि पुडिंग कोमट असतानाच द्यायचं, कारण गार झालं की ते मुकं होतं. डॉक्टर तरी म्हणालेच, "फळातली साखर ही साखरच आहे बरं, वाटी लहान ठेवा." थोरलीने वाट्या लहान आणल्या. घड्याळजी त्यांच्याकडे भिंगातून बघत.

कामं वाटली गेली होती. फळ थोरलीचं, पाव, दूध, अंडी धाकटीची. पण धाकटीचं खरं काम वेगळंच होतं. ती त्या कारखान्याची जीभ होती. त्याचं असं झालं, की साखर सोडल्यावर थोरलीची जीभ पार भोळी होऊन बसली. तिला उकडलेलं गाजर गोड लागे, दूध गोड लागे, एकदा तर तिला कोबी गोड लागला. अशा जिभेच्या भरवशावर गिऱ्हाइकाला काय वाढणार? धाकटीची जीभ मात्र जगाची होती. भाजलेल्या फळाचा चमचा थोरली न बघताच डावीकडे धरायची, धाकटी तो घ्यायची, एक डोळा अर्धा मिटायची आणि निकाल द्यायची.

"अजून लाजतंय, ताई."

मग आणखी दोन खजूर, आणखी थोडी आच. पुन्हा चमचा.

"आता बोललं."

दोन जावांचं पटत नसतं, अशी एक सार्वजनिक समजूत आहे. या दोघींनी ती कितीतरी वर्षं खोटी पाडली. एकीचे हात पिठात असले की दुसरी तिच्या कपाळावरचे केस मागे सारायची. एकीचं पोर तापलं की दुसरी जागायची. गल्लीतल्या बायकांना याचा थोडा रागच होता. आणि मग एका दुपारी थोरलीने ती समजूत खरी करून दाखवली.

त्या आठवड्यात घड्याळजींची शुगर एकदम चढली होती. कशाने ते कळेना. थोरलीचा जीव टांगणीला लागला होता, त्यात दाढ ठणकत होती. दुपारी दातांच्या डॉक्टरकडून अर्धं तोंड बधिर करून ती घरी आली तेव्हा धाकटी ओव्हनपाशी उभी होती, गाल लाल, डोळे चमकत.

"ताई, हे बघा. आज नुसतं बोललं नाही, गायलं."

नासपतीचं पुडिंग होतं. वरचा पाव असा तांबूस चकचकीत, जसा साखरेवाचून कधी आला नव्हता. थोरलीने चमचाभर तोंडात घातलं. अर्ध्या बधिर जिभेलाही ते गोड लागलं, चांगलं दणदणीत गोड. तिने ओट्याकडे पाहिलं. पितळी पातेल्याच्या तळाशी काहीतरी चिकट, तपकिरी उरलं होतं. बोट लावलं, तर तार सुटली.

"हा पाक कसला?"

"नासपतीचा."

"नासपतीचा पाक होत नाही. पाक साखरेचा होतो."

"नाही हो. साली उकळल्या, आणि आटवल्या. बस्स."

"मला शिकवू नकोस! आठवडाभर चोरून साखर घालत होतीस तर! यांची शुगर का चढली ते आता कळलं मला. गिऱ्हाइकांनी वाहवा करावी म्हणून माझ्या नवऱ्याच्या जिवाशी खेळतेस?"

बधिर तोंडातून हे शब्द वेडेवाकडे बाहेर पडले, पण एकही समजायचा राहिला नाही. धाकटीच्या चेहऱ्यावरचा लाल रंग हळूहळू उतरत गेला. तिने एप्रन काढला, त्याची घडी घातली, टेबलावर ठेवली. दारात क्षणभर थांबली.

"जाते," म्हणाली आणि गेली.

आता आपल्याकडे घराबाहेर पडणारं माणूस जाते म्हणत नाही. कोपऱ्यावर मीठ आणायला निघालेली बाई येते म्हणते, आणि समुद्रापलीकडे निघालेलीही येतेच म्हणते. कुणाच्या तोंडून चुकून जाते निघालंच, तर घरातलं मोठं माणूस लगेच टोकतं, "जाते नाही, येते म्हण." त्या घरात मोठं माणूस थोरलीच होती. ती टोकायला पुढे आली नाही. ती पातेलं घासायला बसली.

धाकट्या दिराला दुसऱ्या शहरात बदली कधीची देऊ केली होती. तो टाळत आला होता. ती त्याने घेतली. ट्रंका बाहेर निघाल्या तेव्हा थोरली मागच्या खोलीत सफरचंदं सोलत होती आणि तिने सोलणं थांबवलं नाही. पुढे दोघे भाऊ फोनवर बोलत राहिले. गुडघे आणि हवा, एवढेच विषय. शेवटी इकडून घड्याळजी विचारायचे, "धाकटी बरी आहे ना?" तिकडून दीर विचारायचा, "वहिनी बऱ्या आहेत ना?" दोघी बऱ्या होत्या.

थोरली बरी होती म्हणजे कशी, तर ओव्हन रोज पेटत होता. गिऱ्हाइकं छान म्हणत होती. छान या शब्दाचा तिला वीट आला. छान म्हणजे लाजतंय की बोललं? ते कुणी सांगेना. फळ भाजून झालं की तिचा हात आपसूक डावीकडे जाई, चमचा हवेत धरला जाई, आणि मग ती इकडेतिकडे बघून तो स्वतःच चाटून टाकी. खुंटीवर धाकटीचा एप्रन होता. न वापरताच तो मळायचा, आणि ती तो धुवायची. आपण चुकलो असं तिला वाटत नव्हतं, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. धाकटीने फसवलं असंच ती धरून होती. पण ज्याच्यावर रागावलो आहोत त्याचीच आठवण येत राहावी, यासारखा छळ नाही. राग सांगायला तरी ती समोर असायला हवी होती.

अशी वर्षं गेली. दोघी इकडे तिकडे पिकल्या.

परवाच्या नासपतीच्या हंगामात फळवाल्याने मार लागलेल्या फळांची एक पेटी आणून टाकली. थोरलीने फळं सोलली आणि साली, बिया, गाभे फेकवेनात म्हणून पातेल्यात पाणी घालून शेगडीवर चढवले; दालचिनीची काडी टाकून घड्याळजींना गरम प्यायला होईल. तेवढ्यात शेजारीण तिचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आली. घड्याळ दोन वाक्यांत संपलं, मग सुनेचा विषय निघाला. सुनेचा विषय जसा चालायचा तसा चालला. आणि मग मागून एक वास आला. जळल्याचा नाही. थोरली बोलता बोलता थांबली, कारण तो वास तिच्या ओळखीचा होता.

पातेलं पितळीच होतं, तेच. पाणी आटून गेलं होतं. साली बाजूला सारल्या तर तळाशी काहीतरी चिकट, तपकिरी. तिने चमच्याने उचललं, फुंकर घातली, बोट लावलं. तार सुटली.

ती खालीच बसली. मग तिने नवऱ्याला हाक मारली, आणि ती हाक अशी होती की घड्याळजी भिंग डोळ्यावरच ठेवून धावत आले.

"चाखा."

त्यांनी चाखलं. "पाक आहे. तूच साखर आणलीस घरात?"

"एक दाणा नाही. साली उकळल्या, आणि आटवल्या."

घड्याळजींनी भिंग काढलं. बराच वेळ ते पुसत राहिले. मग म्हणाले, "अगं, तेव्हा माझी शुगर चढली होती ना, ती बिस्किटांनी. तबकड्यांच्या खणात ठेवायचो. क्रीमची."

"आणि गप्प बसलात?"

"आधी तुझ्या भीतीने. मग फार उशीर झाला म्हणून."

ती त्यांना काय काय बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण बोलून झाल्यावरही मन हलकं होईना. बिस्किटं त्यांनी खाल्ली होती; शब्द तिचे होते. आपल्या कारखान्यात निघालेलं सगळ्यांत चांगलं पुडिंग आपण चोरी म्हणून टाकून दिलं, आणि करणारीलाही, हे तिला आता दिसत होतं आणि नजर कुठे वळवावी ते कळत नव्हतं. तिने फोन उचलला, आणि ठेवला. फोनवरून चव देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुडिंग केलं. फोडी कोरड्या भाजल्या, पाव दुधात मुरू दिला, सालींचा पाक वरून फिरवला. चाखलं नाही, स्वतःच्या जिभेवर तिचा विश्वास नव्हताच. तांबूस झालं तसं डब्यात घातलं, डबा दोन टॉवेलांत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन ती बसमध्ये बसली. शेजारच्या प्रवासिणीला वासाने राहवेना.

"काय आहे हो?"

"पुडिंग."

"गोड आहे?"

"ते कळायला चालले आहे."

धाकटीचं घर एका मोठ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात ओल्या कपड्यांचा वास. दार उघडलं ते धाकटीनेच. केस पांढरे, चष्मा, गळ्यात शिवणाची मोजपट्टी. थोरलीने बसमध्ये जी वाक्यं जुळवली होती ती जिन्यातच सांडली होती.

"या," धाकटी म्हणाली. ताई म्हणाली नाही.

खोलीत शिवणयंत्र होतं, अर्धवट शिवलेले झगे होते, खाली नातवाची खेळणी होती. स्वयंपाकघरात ओव्हन नव्हता. थोरली पाणी प्यायली, तिने पेला खाली ठेवला, आणि बोलण्याऐवजी डबा उघडला. पुडिंग गार झालं होतं. मुकं झालं असणार, तिला वाटलं.

तिने चमचा भरला आणि डावीकडे धरला. धाकटी उजवीकडे बसली होती. ती उठली, वळसा घालून आली, चमचा घेतला. एक डोळा अर्धा मिटला. शिवणयंत्राशेजारच्या खिडकीखाली कुणीतरी बादली आपटली.

"साखर घातली आहे," धाकटी म्हणाली.

"नाही गं. साली उकळल्या, आणि आटवल्या. बस्स."

धाकटीने चष्मा वर केला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "नासपतीचा पाक होत नाही, ताई. पाक साखरेचा होतो."

हे ती थट्टेने म्हणाली की कशाने, ते तिचं तिलाही कळलं नसावं, कारण शेवटचा शब्द निघेपर्यंत तिची हनुवटी थरथरायला लागली होती.

"माझं चुकलं," थोरली म्हणाली. "तू खरं सांगत होतीस आणि मी तुला चोर म्हटलं."

"हे सांगायला इतकी वर्षं लागली?"

"कळायलाच लागली. सांगायला बसचा वेळ लागला फक्त."

मग दोघी रडल्या, आणि रडताना धाकटीने सवयीने थोरलीच्या कपाळावरचे केस मागे सारले. थोरलीने डोळे पुसत विचारलं, "खरं सांग. गार झालंय. लाजतंय की बोललं?"

"मला काय विचारता? मलाच शुगर निघाली दोन वर्षांपूर्वी. चहासुद्धा बिनसाखरेचा. परवा मला कोबी गोड लागला."

थोरली आधी तिच्याकडे बघत राहिली आणि मग जी हसायला लागली ती थांबेना. धाकटीही हसली. डबाभर पुडिंग समोर होतं, आणि ते गोड आहे की नाही हे सांगणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं. दोघींनी ते लहान लहान चमच्यांनी खाल्लं.

"परत चल," थोरली म्हणाली.

"काय करू येऊन? जीभ तर गेली माझी."

"जिभेसाठी नाही बोलवत आहे. तुझ्यावाचून मला करमत नाही. कधीच करमलं नाही."

धाकटीने चमचे गोळा केले. नातवाला सांभाळायचं होतं, नवऱ्याची नोकरी अजून होती, दिलेल्या तारखेचे झगे होते. हे तिने सांगितलं नाही आणि थोरलीला दिसत होतं. दुपार उतरली तेव्हा ती रिकामा डबा घेऊन उठली. धाकटी बसथांब्यापर्यंत आली. बस लगेच मिळाली, खिडकीही मिळाली.

"येते हं," थोरली खिडकीतून म्हणाली.

यावर मागे राहणाऱ्याने या म्हणायचं असतं. धाकटी खाली नुसती उभी राहिली, मोजपट्टी गळ्यातच. बस सुटली. तशी ती एकदम चार पावलं बसबरोबर आली, हात खिडकीच्या दांडीवर ठेवला आणि म्हणाली,

"येते, ताई."

शेजारच्या बाईला मोठी मौज वाटली. "चाललात तुम्ही, आणि येते त्या म्हणतायत!"

"तिचं मागचं राहिलं होतं," थोरली म्हणाली.